शिंगराचा खुराक: कोकणात पेंढा-कोंड्यापलीकडे काय घालावं?

कोकणात घोडा पाळणारी घरं थोडी, पण आहेत. अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत जाणाऱ्या घोडागाड्या, नागाव, काशीद, मुरूडच्या वाळूवर पर्यटकांना फेरी मारून आणणारे घोडे, शिवाय हौसेनं पाळलेली एखाददुसरी घोडी. कामाच्या घोड्याला काय घालायचं याचा हिशेब अशा घरांत पक्का असतो. घोडी व्याली की तो बिघडतो, कारण शिंगराला ‘आईच्यातलंच थोडं’ घातलं जातं. आईचं खाणं म्हणजे बहुतेक वेळा भाताचा पेंढा, गिरणीतून आणलेला भाताचा कोंडा, दोन मुठी चणे आणि बांधावरचं हिरवं नेपियर. मोठी घोडी यावर बरीच वर्षं निभावून नेते. वाढत्या शिंगराची हाडं मात्र यावर नीट बनत नाहीत.

याचं कारण खाणं कमी पडतं हे नाही. बऱ्याचदा शिंगरू पोटभर खात असतं. अडचण अशी की कोकणात सहज मिळणाऱ्या या वस्तू शिंगराच्या हाडांना एकाच दिशेनं नुकसान करतात. हे एकदा समजलं की बाकीची निवड अवघड राहत नाही.

घोडा गुरांसारखा नाही

गाय आधी भराभर गिळते आणि मग निवांत रवंथ करते. तिच्या पोटाच्या पहिल्याच मोठ्या कप्प्यात जिवाणू चारा आंबवतात, आणि त्या आंबवण्यातून जे सुटं होतं ते काही तिथेच, काही पुढे आतड्यात शोषलं जातं. घोड्यात हा क्रम उलटा आहे. त्याचं जठर लहान, मोठ्या जातिवंत घोड्यातसुद्धा ८ ते १५ लिटरचं. तिथून अन्न लहान आतड्यात जातं आणि चारा आंबवण्याचं काम त्याच्याही पुढे, मोठ्या आतड्यात होतं. घोड्याला रवंथ नाही आणि उलटीही करता येत नाही. म्हणून थोडं थोडं, दिवसभर, सतत चरत राहणं हा त्याच्या पोटाचा स्वभाव आहे. एकदम मोठी चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, पुढ्यात आली की धान्यातला स्टार्च लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यात सरकतो, तिथे आंबतो, वायू धरतो, आणि पोटशूळ उठतो.

गाईला जे चालतं ते घोड्याला चालेलच असं नाही, हे यातून निघतं. कोकणात जनावरांच्या खाण्याचं ज्ञान मुख्यतः गुरांचं आहे, कृषी केंद्रातला सल्लाही गुरांचाच असतो, आणि घोडेवाला तोच सल्ला घेऊन घरी येतो. त्यामुळे हा फरक नीट लक्षात घ्यायला हवा.

कॅल्शियम, फॉस्फरस आणि भातगिरण

हाड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फरस. शिंगराच्या एकूण खाण्यात फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट कॅल्शियम असावं लागतं. थोडं इकडेतिकडे झालं तर शरीर सांभाळून घेतं, पण फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा जास्त झाला की बिघाड सुरू होतो. जास्तीचा फॉस्फरस कॅल्शियम शोषू देत नाही. रक्तातलं कॅल्शियम तर ठरावीक पातळीवर ठेवावंच लागतं, कारण हृदय आणि स्नायू त्याच्यावर चालतात. मग मानेतल्या परावटू ग्रंथी हुकूम सोडतात आणि हाडांतलं कॅल्शियम काढून रक्तात ओतलं जातं. गडगा बांधायला घराच्या जोत्याचे चिरे उपसावेत तसं हे आहे: काम भागतं, पण घर खिळखिळं होतं.

आता आपल्याकडच्या वस्तू बघू.

भाताच्या कोंड्यात फॉस्फरस साधारण दीड टक्का असतो आणि कॅल्शियम जेमतेम ०.१ टक्का. म्हणजे फॉस्फरस पंधरापट. गव्हाचा कोंडा थोडा बरा, तरी त्यातही फॉस्फरस आठ-नऊपट असतो. कोंड्यावर पोसलेल्या घोड्यांचा आजार जगभर जुना आहे. पिठाच्या गिरण्यांवरच्या घोड्यांना कोंडा फुकट मिळायचा, म्हणून त्यांच्यात तो फार दिसायचा. या आजारात चेहऱ्याच्या हाडांतलं कॅल्शियम जाऊन तिथे मऊ तंतू भरतात आणि तोंड दोन्ही बाजूंनी फुगल्यासारखं दिसतं.

भाताच्या पेंढ्यात कॅल्शियम थोडंच, पाव टक्क्याच्या आसपास, आणि जे आहे त्यातलं बरंचसं ऑक्झॅलेटनं बांधून ठेवलेलं. ऑक्झॅलेट म्हणजे वनस्पतीतला असा पदार्थ, जो कॅल्शियमला धरून न विरघळणारे खडे बनवतो. इथे गाय आणि घोडा यांच्यातला फरक पुन्हा आडवा येतो. गाईच्या पहिल्या कप्प्यातले जिवाणू ऑक्झॅलेट फोडतात आणि कॅल्शियम मोकळं होऊन पुढे शोषलं जातं. घोडा कॅल्शियम लहान आतड्यात शोषतो. ऑक्झॅलेट फोडणारे जिवाणू त्याच्यानंतर, मोठ्या आतड्यात बसलेले. ते फोडतील तोवर शोषायची जागा मागे पडलेली असते आणि कॅल्शियम शेणातून निघून जातं.

नेपियर, म्हणजे हत्ती गवत, आणि त्याच्या संकरित जाती यांच्यातही ऑक्झॅलेट भरपूर असतं, कोवळ्या फुटव्यात तर जास्तच. पॅरा गवताची गोष्टही फारशी वेगळी नाही. दुभत्या म्हशीला नेपियर उत्तम, यात शंका नाही. शिंगराला मात्र तो रोजचा मुख्य चारा म्हणून नको.

भरीला आपली जमीन. जांभ्या दगडापासून बनलेली, मुसळधार पावसानं धुऊन निघालेली, आंबट. तिच्यात मुळात चुन्याचा अंश कमी आणि लोह भरपूर. अशा जमिनीवर वाढलेल्या गवताकडून कॅल्शियमची फार अपेक्षा ठेवता येत नाही.

हे सगळं एका शिंगरावर मांडून बघू. मोठं झाल्यावर अडीचशे किलोचं होईल असं तट्टू धरा. सहा महिन्यांचं असताना त्याचं वजन साधारण ११० किलो असतं. या वयात त्याला रोज सुमारे १९ ग्रॅम कॅल्शियम, ११ ग्रॅम फॉस्फरस आणि ३४० ग्रॅम प्रथिनं लागतात. त्याला दिवसाला दीड किलो पेंढा, एक किलो भाताचा कोंडा आणि अर्धा किलो चणे घातले, तर पोट भरेल, चण्यांमुळे प्रथिनंही बऱ्यापैकी मिळतील. पण कॅल्शियम मिळेल ६ ग्रॅमच्या आसपास, त्यातलंही काही ऑक्झॅलेटनं अडवलेलं, आणि फॉस्फरस १८-१९ ग्रॅम. दोघांचं प्रमाण दुप्पटीला असायला हवं तिथे ते उलटं, एकास तीन झालं. कोंड्यातला बराच फॉस्फरस घोड्याला पूर्ण पचत नाही, हे खरं. तरीही तूट एवढी मोठी आहे की ती त्यानं भरून निघत नाही.

“चणे घालतोय की!” हे उत्तर मी घोडेवाल्यांकडून नेहमी ऐकतो. चण्यातही फॉस्फरस कॅल्शियमच्या दुप्पटच असतो. चणा प्रथिनांसाठी चांगला, हाडांतली तूट तो भरून काढत नाही.

मग घालावं काय?

पाया सुक्या गवताचा ठेवा. शिंगराच्या खाण्यातला निम्म्याहून अधिक भाग चारा असावा, दाणा नव्हे. वरकस जमिनीवरचं, डोंगरउतारावरचं गवत पेंढ्यापेक्षा बरं, पण एका अटीवर: ते वेळेवर कापलेलं हवं. गवत फुलोऱ्यावर येतं त्याच सुमारास भातकापणी सुरू होते, माणसं शेतात अडकतात, आणि गवताला हात लागेपर्यंत ते बी झडून, वाळून काडी झालेलं असतं. त्यात पचण्यासारखं फार उरत नाही. ऑक्टोबरात चार दिवस मजूर लावून शिंगरापुरतं गवत आधी कापून घेतलं तर तो खर्च वाया जात नाही. ओंजळभर गवत हातात घेऊन बघा: त्यात पानं किती आणि काड्या किती? रंग हिरवट आहे की फिकट राखाडी? मुठीत चुरगाळलं तर मऊ दबतं की टोचतं? चांगल्या गवताला सुका गोडसर वास येतो.

दुसरी गोष्ट द्विदल चारा, आणि माझ्या मते कोकणातल्या शिंगरासाठी हीच सगळ्यात महत्त्वाची खरेदी. लसूणघासात कॅल्शियम १.२ ते १.५ टक्के आणि फॉस्फरस पाव टक्क्याच्या आत. म्हणजे आपल्या बाकी सगळ्या वस्तूंची उणीव नेमकी इथे भरून निघते. प्रथिनंही १५ ते २० टक्के, आणि ती चांगल्या प्रतीची. आपल्या आंबट जमिनीत आणि एवढ्या पावसात लसूणघास नीट येत नाही, तो घाटावरून सुका आणावा लागतो. महाग पडतो, पण ११० किलोच्या शिंगराला रोज पाऊण किलोच पुरतो. मोठ्या घोड्याला हवा तर घालू नका, शिंगरासाठी राखून ठेवा. घाटावरून आणणं जमतच नसेल तर भात निघाल्यावर ओलाव्यावर घेतलेल्या वाल-चवळीचा पाला, शेंगा काढल्यावर सावलीत वाळवून ठेवावा. भुईमुगाचा पाला मिळाला तर तोही. लसूणघासाची बरोबरी होत नाही, पण पेंढ्यापेक्षा ही वैरण कितीतरी चांगली. भुईमुगाचा पाला मात्र झटकून माती काढूनच घालायचा.

आता दाणा. ओट किंवा जव शिंगराला मानवतात. मक्यात ताकद जास्त, पण बुरशी लवकर धरते, म्हणून किनाऱ्यावर मी तो टाळेन. चणा किंवा कुळीथ, दोन्ही चालतात. कुळथात चण्यापेक्षा कॅल्शियम थोडं जास्त असतं, आणि घोड्याला उकडलेला कुळीथ घालायची आपली जुनी रीत बरोबर आहे: कच्च्या कडधान्यात प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, ते उकडल्यानं निकामी होतात. भिजवलेले चणे कोकणातल्या उकाड्यात दुपारपर्यंत आंबतात. सकाळी उरले तर संध्याकाळी तेच घालू नका.

प्रथिनांबद्दल एक बारकावा. शिंगराला नुसती प्रथिनं पुरत नाहीत, त्यांच्यातला लायसिन नावाचा घटक पुरेसा लागतो. तो कमी पडला की बाकीची प्रथिनं असूनही वाढ अडते. सोयाबीनची पेंड, चणा आणि लसूणघास यांत लायसिन चांगला. शेंगदाण्याच्या आणि खोबऱ्याच्या पेंडीत कमी. खोबऱ्याची पेंड आपल्याकडे घाण्यावर ताजी मिळते, तिच्यातलं तेल अंगाला लागतं आणि स्टार्च कमी असल्यानं पोटाला सोसते. थोडी घालायला हरकत नाही, पण तिच्याकडे प्रथिनांचा मुख्य साठा म्हणून पाहू नका. सरकीची पेंड शिंगराला देऊच नये, तिच्यातलं गॉसिपॉल कोवळ्या जनावरांना घातक आहे.

मघाच्याच शिंगराचं खाणं आता असं मांडू: दीड किलो चांगलं सुकं गवत, पाऊण किलो सुका लसूणघास, सहाशे ग्रॅम ओट किंवा जव, चारशे ग्रॅम चणे किंवा उकडलेला कुळीथ (वजन कोरड्या दाण्याचं), शंभर ग्रॅम सोयाबीन पेंड आणि २५ ग्रॅम डायकॅल्शियम फॉस्फेट. ही शेवटची पूड जनावरांच्या औषधांच्या दुकानात ‘डीसीपी’ म्हणून मिळते, घेताना पशुखाद्याच्या प्रतीचीच घ्यायची, खताची नव्हे. या सगळ्यातून कॅल्शियम २२ ग्रॅमच्या आसपास, फॉस्फरस ११-१२ ग्रॅम आणि प्रथिनं गरजेएवढी, किंवा किंचित जास्तच मिळतात. याशिवाय मीठ हवं. खाऱ्या हवेत राहतो म्हणून घोड्याला मीठ मिळतं, ही समजूत चुकीची आहे. पेण-उरणकडचं साधं मिठागराचं जाडं मीठ वेगळ्या भांड्यात ठेवा, लागेल तेवढं तो चाटतो. तांबं आणि जस्त यांच्यासाठी घोड्यांचं खनिज मिश्रण मिळालं तर उत्तम. गुरांचं साधं मिश्रण वापरायचं असेल तर त्यात कोणतंही औषध मिसळलेलं नाही याची खात्री करून आणि मात्रा पशुवैद्याला विचारूनच. या मिश्रणातही कॅल्शियम-फॉस्फरस असतात, त्यामुळे ते सुरू केलं की डीसीपीची मात्राही पुन्हा ठरवावी लागेल.

किनाऱ्यावर शिंपल्यांची कमतरता नाही आणि शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. कोंबड्यांसाठी त्याची पूड विकतात. बारीक दळलेली, स्वच्छ, काहीही न मिसळलेली पूड कॅल्शियमपुरती चालते. पण शिंपले भाजून केलेला चुना, पानाला लावतात तो, चुकूनही घालू नका. तो तोंड आणि आतडं पोळतो.

तयार खाद्य घ्यायचं असेल तर पोत्यावर काय छापलंय ते वाचा. वाढत्या घोड्यासाठी असं स्पष्ट लिहिलेलं हवं, प्रथिनं १४ ते १६ टक्के हवीत आणि कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त हवं. शर्यतीच्या घोड्याचं खाद्य शिंगरासाठी नसतं, त्यात दाण्याची ताकद ठासून भरलेली असते. आणि पोत्यावर रोज दीड किलो लिहिलं असेल, आपण अर्धाच किलो घालून वर कोंडा टाकत असू, तर त्या पोत्यातली खनिजं शिंगराला पुरी पडत नाहीत.

लवकर मोठं करायची घाई

सहाव्या महिन्यात शिंगरानं आपल्या पूर्ण उंचीचा चार-पंचमांशाहून जास्त भाग गाठलेला असतो, वर्षाच्या सुमाराला नऊ-दशांश. वजन मात्र सहाव्या महिन्यात ४३ टक्के आणि वर्षाला ६४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सांगाडा आधी उभा राहतो आणि मांस मागून चढतं. हा क्रम नैसर्गिक आहे, त्यामुळे वर्षभराचं शिंगरू लुकडं, उंच, ओबडधोबड दिसतं. ते बघून मालकाला वाटतं की खुराक कमी पडतोय.

मग सुरू होतो चणे, गूळ, दूध, अंडी, तूप यांचा मारा. सारंगखेड्याच्या यात्रेतून चांगल्या वाणाचं शिंगरू आणलं असेल तर जास्तच, कारण पैसे मोजलेले असतात आणि पुढच्या वर्षी ते मिरवायचं असतं. दाण्यानं वजन भराभर वाढतं. हाडांच्या टोकांना जिथे वाढ चालू असते तो कूर्चेचा भाग अजून कोवळा असतो आणि त्याच्यावर भार पडतो. गुडघ्याच्या किंवा पायाच्या खालच्या सांध्याच्या जरा वर गाठ आल्यासारखी दिसते, हात लावला तर ऊन लागते. कधी सांध्यातल्या कूर्चेचा कपचा सुटतो. कधी हाड झपाट्यानं वाढतं आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या शिरा मागे राहतात, मग शिंगरू टाच उचलून टोकावर चालू लागतं. कमी खाऊ घातलेलं शिंगरू पुढे सावरू शकतं, त्याची उंची बहुतेक वेळा भरून निघते. वाकडा झालेला सांधा तसा भरून निघत नाही. म्हणून निवड करायची वेळ आली तर मी सावकाश वाढणारं शिंगरू पसंत करेन. त्या अडीचशे किलोच्या तट्टाच्या शिंगराला सहाव्या महिन्यात रोज साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास वजन वाढलं तरी पुरे.

नवीन शिंगरू खानदेशातून किंवा घाटावरून आणलं असेल तर त्याचं पोट कडब्याला किंवा लसूणघासाला सरावलेलं असतं. तिथलीच आठ-दहा दिवसांची वैरण गाडीत भरून आणा आणि रोज थोडी थोडी कमी करत इथल्यावर न्या. मोठ्या आतड्यातले जिवाणू बदलायला तेवढा वेळ लागतो. एकदम बदल केला तर पोटशूळ ठरलेलाच.

दूध तोडण्याबद्दलही हेच. घोडीचं दूध दोन महिन्यांनंतर कमी होत जातं, आणि तोवर शिंगरू आईच्या पाटीत तोंड घालायला लागलेलं असतं. दोन महिन्यांचं झाल्यावर आई पोहोचणार नाही अशा जागी, दोन बांबूंच्या आडोशाआड, त्याची छोटी पाटी वेगळी ठेवा. दूध तोडेपर्यंत, म्हणजे पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत, त्याला आपलं खाणं ओळखीचं झालेलं असेल. लहान शिंगरू आईचं शेण खाताना दिसलं तर मारू नका. चारा पचवणारे जिवाणू त्याच्या पोटात असेच जातात.

दाणा दिवसातून तीन वेळा वाटून द्या. एका वेळी अर्ध्या किलोच्या वर नको.

जे अजिबात नको

कोंबड्यांचं खाद्य. अलिबाग, पेण पट्ट्यात पोल्ट्री भरपूर, पोती स्वस्तात मिळतात, सांडलेलं खाद्य फुकटही मिळतं. कोंबड्यांच्या खाद्यात रक्ती हगवणीवर मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन यांसारखी औषधं मिसळलेली असू शकतात. कोंबडीला ती सोसतात, घोड्याच्या हृदयाच्या स्नायूवर मात्र घाला घालतात, आणि फार थोड्या मात्रेत. घाम फुटतो, पाय लटपटतात, जनावर कोसळतं. यावर उतारा नाही. काही ठिकाणी गुरांच्या खाद्यातही मोनेन्सिन घालतात. शिंगरू मोकळं फिरत असेल तर शेजारच्या पोल्ट्रीचं गोदाम बंद आहे ना, हे स्वतः जाऊन बघा.

बुरशी. जूनपासून कोकणात पोत्याच्या तळाला ओल धरायला एक रात्र पुरते. पेंड आणि मका यांच्यावरची बुरशी यकृताला आणि मेंदूला मारते, आणि वरची काळी बुरशी झटकली तरी आतलं विष जात नाही. उन्हात वाळवलं तरीही जात नाही. असं पोतं शेणकईत टाका, दुसऱ्या जनावरालाही घालू नका.

खवट कोंडा. भाताचा कोंडा गिरणीतून निघाल्यापासून काही दिवसांतच त्याच्यातलं तेल खवट होतं. शिवाय साध्या गिरणीच्या कोंड्यात तूस मिसळलेलं असतं, त्यात पोषण जवळजवळ शून्य. कोंडा घालायचाच असेल तर ताजा, मूठ-दोन मूठ चवीपुरता, आणि सोबत कॅल्शियमची भरपाई करून. आंबे-फणसाच्या दिवसांत साली आणि गरे गुरांसारखे शिंगरापुढे ओतायची सवयही मोडा, एवढी साखर त्याच्या पोटाला झेपत नाही.

आणि वाळू. किनाऱ्याजवळच्या तबेल्यात दाणा आणि गवत जमिनीवर टाकलं की शिंगरू दाण्याबरोबर वाळूही चाटतं. ती आतड्यात साचते, कधी जुलाब करते, कधी वाटच अडवते. ताजी पाच-सहा लेंडकं पारदर्शक बाटलीत पाणी घालून हलवा आणि अर्धा तास ठेवून द्या. तळाला चमचाभर वाळू बसली तर खाणं आजच वर उचलायला हवं: दाणा पाटीत किंवा तोबऱ्यात, गवत रबरी चटईवर किंवा सिमेंटच्या गव्हाणीत.

बरोबर चाललंय हे कसं ओळखायचं?

पोट बघून नाही. मोठं लोंबतं पोट, वर दिसणाऱ्या बरगड्या आणि राठ केस असतील तर ते शिंगरू खाऊन तृप्त झालेलं नाही. त्याला निकृष्ट चारा मिळतोय किंवा पोटात जंत आहेत, बहुधा दोन्ही. शिंगरांना मोठे गोल जंत फार होतात, त्यांचं औषध वजनावर ठरतं आणि ते पशुवैद्याकडूनच घ्यावं. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटांना लागाव्यात.

दर पंधरा दिवसांनी शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर, आणि छातीच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, की किलोत वजन येतं. घेर ११० आणि लांबी १०० असेल तर १०२ किलो. हे सूत्र मोठ्या घोड्यांचं असल्यानं शिंगराचं खरं वजन याहून थोडं जास्त असतं, पण वजन कसं चढतंय हे कळायला ते पुरेसं आहे. आकडे वहीत लिहून ठेवा. चढ एकसारखी असावी. महिनाभर थांबून मग एकदम उसळी, असं झालं तर सांध्यांकडे जास्त लक्ष द्या.

पाय रोज बघा, खरारा करताना खाली वाकून. दोन्ही गुडघे समोरून सारखे दिसतात का? सांध्यावरची जागा हाताला ऊन लागते का? शिंगरू आज या पायानं, उद्या त्या पायानं लंगडतंय, चालताना आखडतंय, चावताना थांबतंय, असं दिसलं तर चेहरा फुगायची वाट बघू नका. कॅल्शियम कमी पडल्याची ही आधीची लक्षणं आहेत आणि या टप्प्यावर खाणं बदललं तर हाडं पुष्कळ सावरतात. गावातल्या पशुवैद्याला घोड्यांची सवय नसेल तर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारता येतं.

खाणं चांगलं असलं तरी गुडघ्यावरची वाढीची पट्टी दोन वर्षांची होऊन गेल्यावरच कुठे भरत येते. दीड वर्षाच्या पोरसवदा घोड्यावर सुट्टीच्या गर्दीत पर्यटक बसवले जातात ते थांबायला हवं. पाठीवर माणूस तीन वर्षांच्या आत नको. तोवर हातात दोरी धरून फिरवणं, गर्दीची आणि लाटांच्या आवाजाची सवय करणं, एवढंच काम.

पावसाळ्याचं नियोजन मे महिन्यातच करावं लागतं. किनाऱ्यावरचा धंदा जूनमध्ये थांबतो, पैसा आटतो, आणि नेमकं त्याच वेळी उन्हाळ्याआधी जन्मलेलं शिंगरू दूध तोडायच्या वयाला येतं. त्यामुळे काटकसर त्याच्याच पाटीत होते. रोज पाऊण किलो धरलं तर जून ते सप्टेंबर एका शिंगराला सुमारे ९० किलो सुका लसूणघास लागतो. चार घरांनी मिळून मागवला तर घाटावरून येणाऱ्या टेंपोचं भाडं वाटून जातं. वळवाचा पाऊस सुरू व्हायच्या आत तो घरी यावा, जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर, भिंतीला न टेकवता रचावा. पेंड आणि दाणा मात्र पावसाळ्यात दोन आठवड्यांपुरताच आणावा, झाकणाच्या पिंपात.